हरित तंत्रज्ञान देशोदेशी पसरतं कसं, आणि पसरल्यावर टिकतं कुठे?

पाषाणकर (धागाकर्ता)

पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, तेव्हापासून पुण्यातल्या बऱ्याच सोसायट्यांत सौर पॅनलची कोटेशनं फिरताहेत. किलोवॅटला किती खर्च, अनुदान किती, नेट मीटर कधी मिळतो, यावर इथे आधी भरपूर लिहून झालंय. ती चर्चा या धाग्यावर नको. हे पॅनल आपल्या गच्चीपर्यंत आलं कुठल्या वाटेने, आणि वाटेत कोणी काय केलं म्हणून ते परवडायला लागलं, यावर बोलूया.

सिलिकॉनचा वापरण्याजोगा पहिला सौर सेल १९५४ साली अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये तयार झाला. कार्यक्षमता सुमारे ६ टक्के, आणि किंमत अशी की उपग्रह सोडून कुणाला ती झेपेना. १९५८ च्या व्हॅनगार्ड-१ वर हे सेल होते. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेने संशोधनाला पैसा दिला. कार्टर यांनी १९७९ मध्ये व्हाइट हाउसच्या छपरावर पाणी तापवणारे सौर बंबसुद्धा बसवले. रेगन यांच्या काळात, १९८६ मध्ये, ते उतरवले गेले. तेल स्वस्त झालं होतं.

जपानने मात्र १९७४ मध्ये सुरू केलेला सनशाइन प्रकल्प सोडला नाही. तिथल्या कंपन्यांनी कॅल्क्युलेटरमध्ये सेल घातले, १९९४ पासून सरकारने घरांच्या छपरांना अनुदान दिलं. मग जर्मनी आली. २००० सालच्या कायद्याने तिथे नियम झाला की छपरावरून ग्रिडला दिलेल्या प्रत्येक युनिटला ठरलेला दर मिळणार, तोही २० वर्षं. शेतकऱ्यांपासून शाळामास्तरांपर्यंत लोकांनी कर्ज काढून पॅनल लावले, कारण बँकेलाही उत्पन्नाची खात्री होती. हा खर्च सरकारी तिजोरीतून नाही, सामान्य ग्राहकाच्या वीजबिलावर अधिभार लावून वसूल झाला. तो अधिभार थेट जुलै २०२२ मध्ये बंद झाला. आज आपल्याला स्वस्त पॅनल मिळतं त्यात त्या जर्मन बिलांचा मोठा वाटा आहे, आणि त्याची जाणीव आपल्याकडे फार कमी दिसते.

जर्मनीत एवढी खात्रीची मागणी आहे म्हटल्यावर चीन उतरला. शी झेंगरोंग हे सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात मार्टिन ग्रीन यांच्याकडे शिकले. २००१ मध्ये वुशी शहराच्या सरकारी पाठबळावर त्यांनी सनटेक काढली. यंत्रसामग्री बरीचशी पाश्चात्त्य देशांकडून आणायची, पॅनल त्यांनाच विकायचं. सनटेक २०१३ मध्ये बुडाली, पण तिथे तयार झालेले इंजिनिअर आणि सुटे भाग पुरवणारे कारखाने देशातच राहिले. आज पॅनलच्या उत्पादनातल्या प्रत्येक टप्प्यात चीनचा वाटा ८० टक्क्यांच्या वर आहे.

आपण २०१० मध्ये राष्ट्रीय सौर मिशन सुरू केलं. सुरुवातीच्या लिलावात युनिटचा दर बारा रुपयांच्या आसपास होता. २०१७ मध्ये राजस्थानात भडला इथे तो २ रुपये ४४ पैशांवर आला. ती घसरण आपल्या कर्तबगारीपेक्षा दुसऱ्यांनी केलेल्या पदरमोडीमुळे जास्त झाली, असं मला वाटतं. शोध कोणी लावला यापेक्षा वस्तू महाग असताना ती सातत्याने कोणी विकत घेतली, यावर तिचा प्रसार ठरतो.

हे फक्त सौरऊर्जेचं आहे की सगळ्याच हरित तंत्रज्ञानाचं? तुमच्या क्षेत्रातली उदाहरणं द्या. पुण्याशी धागा जुळत असेल तर फारच छान.

---

पठारावरचा_वारा

पुण्याशी थेट जुळणारं उदाहरण पवनचक्कीचं. मी उमेदीची वर्षं साताऱ्याच्या चाळकेवाडी आणि वनकुसवडे पठारांवर पवनचक्क्यांच्या देखभालीत काढली, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

तेलसंकटानंतर श्रीमंत देशांनी पवनचक्कीला हात घातला तो थेट अवाढव्य यंत्रं बनवून. अमेरिकेत नासा आणि बोइंग, जर्मनीत 'ग्रोव्हियान'. हे जर्मन यंत्र १९८३ मध्ये उभं राहिलं, ३ मेगावॅटचं, १०० मीटर व्यासाचं. ते सतत बिघडत राहिलं, जेमतेम काही शे तास चाललं आणि १९८८ मध्ये पाडून टाकलं.

त्याच काळात डेन्मार्कमध्ये रीसागर नावाचा एक सुतार २२ किलोवॅटची चक्की बनवून विकत होता. ट्विंड गावातल्या शिक्षकांनी आणि स्वयंसेवकांनी मिळून १९७८ मध्ये एक मोठी चक्की उभी केली, तिच्या पात्यांचं ज्ञान इतरांसाठी खुलं होतं. शेतीची अवजारं बनवणारी व्हेस्टास या धंद्यात आली ती अशाच लहान यंत्रांपासून. गावकऱ्यांनी सहकारी गट करून चक्क्या घेतल्या. आणि सरकारने १९७९ मध्ये ३० टक्के अनुदान दिलं, पण अट घातली: रिसो इथल्या चाचणी केंद्राने पास केलेल्या यंत्रालाच पैसे मिळतील. त्या केंद्रात कारखानदार आपली यंत्रं घेऊन यायचे, काय मोडलं ते सगळ्यांना कळायचं, पुढचं यंत्र सुधारायचं. १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियात करसवलतीमुळे पवनचक्क्यांची झुंबड उडाली तेव्हा अमेरिकन यंत्रांपेक्षा डॅनिश यंत्रंच जास्त टिकली.

आता आपल्याकडे. तुलसी तांती यांचा गुजरातमध्ये कापडाचा व्यवसाय होता, विजेचा खर्च जड जात होता म्हणून त्यांनी आधी स्वतःसाठी पवनचक्क्या घेतल्या. मग १९९५ मध्ये सुझलॉन काढली, पुण्यात. सुरुवातीचं तंत्रज्ञान झ्युडविंड या जर्मन कंपनीकडून आलं. पुढे नेदरलँड्समधली पात्यांची कंपनी आली, २००७ मध्ये जर्मनीची रीपॉवर घेतली. हडपसरचं सुझलॉनचं मुख्यालय 'वन अर्थ' बघितलं असेलच.

पण एक गोष्ट मनात सलते. १९९० च्या दशकात आपल्याकडे पवनचक्कीला मुख्य प्रोत्साहन होतं ते आयकरातल्या घसाऱ्याचं, म्हणजे यंत्राची किंमत उत्पन्नातून वजा करून कर वाचवण्याचं, पहिल्याच वर्षी १०० टक्के. म्हणजे यंत्र उभं केलं की फायदा पदरात. ते किती फिरतं, याच्याशी मालकाचा संबंध कमी. वीजनिर्मितीवर पैसे देणारी योजना २००९ मध्ये आली. पठारावर कुठल्या मालकाच्या चक्क्यांना सुटे भाग लगेच मिळतात आणि कुठल्या महिनोन्महिने थांबून राहतात, हे आम्हाला लांबूनच ओळखू यायचं. महाग असताना कोणी विकत घेतलं हा पाषाणकरांचा मुद्दा बरोबर आहे, पण अर्धाच. पैसा उभारणीला दिला की चालण्याला, हे त्याहून महत्त्वाचं.

---

कर्वेनगर_७०

पठारावरचा_वारा यांच्या शेवटच्या वाक्याला +१.

पाणी तापवणाऱ्या सौर बंबांचंही बघा. इस्रायलने १९८० मध्ये नव्या घरांना ते कायद्यानेच बंधनकारक केले आणि आज तिथल्या बहुसंख्य घरांवर बंब दिसतात. पुण्यात महापालिका मालमत्ता करात ५ ते १० टक्के सवलत देते, गच्च्यांवर बंबही खूप आहेत. पण आमच्या भागात नळ्या फुटलेले, क्षार साचलेले, वरची टाकी गळणारे कितीतरी बंब तसेच पडून आहेत. बंब चालू आहे का, हे दर काही वर्षांनी बघितलं गेलं तर किती फरक पडेल!

---

डोटीतली_वाट

मी काही काळ नेपाळमध्ये एका संस्थेबरोबर काम केलं. तिथल्या गोबरगॅसची गोष्ट या धाग्यावर यायलाच हवी, कारण इथे तंत्रज्ञान श्रीमंत देशातून गरीब देशात आलेलं नाही.

गोबरगॅसची आपली परंपरा जुनी. जशभाई पटेल यांनी १९५१ च्या सुमारास तरंगत्या टाकीचं 'ग्रामलक्ष्मी' मॉडेल केलं, खादी ग्रामोद्योग आयोगाने ते देशभर नेलं. वरची लोखंडी टाकी महाग आणि गंजणारी, ही त्यातली अडचण. चीनमध्ये १९७० च्या दशकात वीट-सिमेंटच्या बंद घुमटाची लाखो संयंत्रं बांधली गेली. ती स्वस्त होती, पण घाईघाईत बांधलेली बरीचशी गळून बंद पडली. आपल्या लोकांनी ती कल्पना उचलून १९७८ मध्ये 'जनता' मॉडेल केलं आणि त्यातल्या त्रुटी काढून १९८४ मध्ये 'दीनबंधू'. नेपाळने आधी भारतीय तरंगती टाकी वापरली, मग घुमटाकडे वळून स्वतःचा नमुना ठरवला.

नेपाळने खरं काम केलं ते पुढे. १९९२ मध्ये डच मदतीने बायोगॅस सपोर्ट प्रोग्राम सुरू झाला. नमुना एकच, त्यात मनमानी बदल करायचे नाहीत. बांधकाम खाजगी कंपन्यांकडे, पण गवंडी प्रशिक्षित हवा. अनुदान कंपनीमार्फत शेतकऱ्याला मिळणार, आणि त्याबदल्यात कंपनीने ठरावीक वर्षं देखभालीची हमी द्यायची. बांधून झालेल्या संयंत्रांतली काही निवडून तपासायची आणि माप चुकलं, पाइप खराब निघाला तर कंपनीला दंड. दोन लाखांहून जास्त संयंत्रं अशी बांधली गेली, डोंगराळ देशात, जिथे सिमेंटची गोणी पाठीवरून वाहून न्यावी लागते. पुढे हीच पद्धत व्हिएतनाममध्ये गेली.

चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या बायका गॅसच्या शेगडीवर पहिल्यांदा चहा करताना मी पाहिल्यात. एका घरात सून मला म्हणाली, आता दिवसा उजेडी लाकडं आणायला जावं लागत नाही, मुलीला शाळेत पाठवता येतं. यंत्र बंद पडलं असतं तर हे सगळं महिन्याभरात मागे गेलं असतं. म्हणून मला त्या तपासनीसांबद्दल फार आदर आहे.

पुण्यातल्या 'आरती' संस्थेचाही उल्लेख करते. आनंद कर्वे आणि सहकाऱ्यांनी शेणाऐवजी खरकट्यावर, पिष्टमय पदार्थांवर चालणारं छोटं संयंत्र केलं. त्याला २००६ चा अॅश्डेन पुरस्कार मिळाला आणि ते टांझानियापर्यंत गेलं.

---

नवी_पेठ_वकील

लेखन आवडलं, पण सगळे जण एक मोठा अडसर सोडून बोलताहेत. पेटंट आणि व्यापाराचे नियम.

बॅटरीचं घ्या. इलेक्ट्रिक रिक्षा, बस, स्कूटरमध्ये आज मोठ्या प्रमाणावर वापरली जाणारी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी टेक्सास विद्यापीठात गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत जन्मली, १९९७ च्या सुमारास. त्या शोधनिबंधावर पाढी आणि नंजुंडस्वामी ही दोन भारतीय नावं आहेत. पेटंटचे हक्क पुढे कॅनडातल्या हायड्रो-क्वेबेककडे गेले, खटले चालले. चिनी कंपन्यांना मात्र देशांतर्गत विक्रीपुरती मोकळीक मिळाली होती. त्यांनी घरच्या बाजारात बरीच वर्षं हात बसवला. मुख्य पेटंटं २०२२ मध्ये संपली तेव्हा बाकीचं जग रिकाम्या हाताने उभं होतं.

आणि आपण? सौर मिशनमध्ये देशी सेल वापरायची अट घातली तर अमेरिकेने २०१३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली, २०१६ मध्ये निकाल आपल्याविरुद्ध गेला. पुढे एप्रिल २०२२ पासून आपण आयात पॅनलवर ४० टक्के सीमाशुल्क लावलं. पॅनल महाग झालं तर प्रसार मंदावतो, स्वस्त येऊ दिलं तर देशी कारखाना उभा राहत नाही. हमी, तपासणी हे सगळं हवंच, पण कोणाला बनवायची मुभा आहे हे आधी ठरतं.

---

पाषाणकर

वकीलसाहेब, मुद्दा पटला. मात्र मुभा मिळाली म्हणून कौशल्य आपोआप येत नाही. त्या पेटंटांची मुदत आपल्यासाठीही संपलीच आहे. आपल्याकडे बॅटरीच्या सेलचे कारखाने आता कुठे उभे राहताहेत.

पठारावरचा_वारा आणि डोटीतली_वाट, तुमच्या दोघांच्या लिखाणात एकच गोष्ट येतेय, आणि माझ्या मूळ लेखातही ती होती पण मी तिच्याकडे नीट पाहिलं नव्हतं. जर्मनीच्या त्या कायद्याने पॅनल बसवण्याला पैसे दिले नाहीत, त्यातून आलेल्या युनिटला दिले. बंद पडलेल्या पॅनलला एक सेंटही मिळत नव्हता.

---

फ्यॉर्डकाठचा_पुणेकर

ऑस्लोहून लिहितोय. नॉर्वेचं उदाहरण वेगळ्या बाजूचं आहे. इथे गाड्यांचा म्हणावा असा कारखाना नाही, तरी २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांपैकी जवळजवळ ८९ टक्के इलेक्ट्रिक होत्या. खरेदीवरचा कर १९९० च्या दशकातच माफ झाला, २००१ मध्ये मूल्यवर्धित करही. सुरुवातीची बरीच वर्षं टोल माफ होता, बसच्या मार्गिकेतून जायची परवानगी होती. महत्त्वाचं म्हणजे सरकारं बदलली तरी या सवलती अचानक बंद झाल्या नाहीत. पेट्रोलच्या गाडीवर इथे प्रचंड कर असतो, त्यामुळे माफी खिशाला लगेच जाणवते. बनवता आलंच पाहिजे असं नाही. नॉर्वेकडे तेलाचा पैसा आहे हे खरंच, पण धोरणातलं सातत्य पैशाने विकत मिळत नाही.

---

निगडी_डेपो

बसबद्दल थोडंसं. शेन्झेन शहराने २०१७ च्या अखेरीस आपल्या १६ हजारांहून अधिक बस इलेक्ट्रिक केल्या. पुण्याच्या पीएमपीच्या पहिल्या इलेक्ट्रिक बस २०१९ च्या फेब्रुवारीत रस्त्यावर आल्या, ऑलेक्ट्राच्या, तंत्रज्ञान बीवायडीचं. म्हणजे शेन्झेनच्याच कंपनीचं. करार किलोमीटरमागे पैसे देण्याचा आहे. बस ठेकेदाराची, बॅटरी त्याची, दुरुस्ती त्याची. धावली नाही तर त्याचंच नुकसान. वरच्या चर्चेत जे चाललंय तेच इथे आहे. रोज प्रवास करतो, या बस शांत आहेत आणि मागच्या सायकलवाल्याच्या तोंडावर धूर येत नाही.

---

नारायणगाव_बागाईत

ठिबकबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. इस्रायलमध्ये सिम्हा ब्लास यांनी ठिबक बाजारात आणली, १९६५ मध्ये हात्झेरीम किबुत्झवर (सामूहिक शेतीच्या वसाहतीत) नेटाफिम कंपनी सुरू झाली. महाराष्ट्रात ती रुजली १९८० च्या दशकात, त्यात जळगावच्या भवरलाल जैन यांचा मोठा वाटा. इथे ती जशीच्या तशी आली नाही. आपली शेतं लहान, विहिरीच्या पाण्यात क्षार आणि शेवाळ, वीज रात्री येणार. त्याप्रमाणे फिल्टर, लॅटरल, ड्रीपर यात बदल होत गेले. द्राक्षवाल्यांनी आधी घेतली कारण त्यांना परवडत होती, त्यांचं बघून टोमॅटोवाल्यांनी. शेजारच्या बांधावर चालताना दिसल्याशिवाय आमच्याकडे कुणी पैसे घालत नाही. पुढे जैन यांनी इस्रायलचीच नानदान कंपनी विकत घेतली, हे सांगताना आजही अभिमान वाटतो.

केंद्राच्या योजनेत अनुदान अल्पभूधारकाला ५५ टक्के, बाकीच्यांना ४५. तेही संच बसवला की मिळतं. ड्रीपर चोक झाले, आम्ल सोडून साफ करायचं कुणी शिकवलं नाही, की नळ्या गुंडाळून बांधावर. आणखी एक, यावर गंभीरपणे बोललं पाहिजे: वाचलेलं पाणी पुष्कळ जण जमिनीत राहू देत नाहीत, तेवढ्यात जास्तीचं क्षेत्र ओलिताखाली आणतात. माणूस म्हणून ते समजण्यासारखं आहे, पण मग गावाची पाणीपातळी तिथेच राहते. तंत्रज्ञान पसरलं आणि ज्यासाठी आणलं ते झालं नाही, असंही होतं.

---

कर्वेनगर_७०

नारायणगावकर, शेवटचा परिच्छेद फार महत्त्वाचा आहे. तसंच काहीसं पाकिस्तानात सौरबाबत घडतंय. २०२४ मध्ये तिथे सुमारे १७ गिगावॅट पॅनल आयात झाले. सरकारने काही मोठी मोहीम काढली नव्हती. वीज महाग झाली, चिनी पॅनल स्वस्त झाले, आणि शेतकरी, कारखानदार, घरमालक सगळ्यांनी आपापलं बघितलं. पण ज्यांना परवडलं ते ग्रिडवरून उतरले आणि ग्रिडचा खर्च उरलेल्या गरिबांवर पडायला लागला. इतक्या वेगाने पसरलेलं तंत्रज्ञान क्वचितच दिसतं, आणि त्याचा हिशेब कुणी आधी केला नव्हता.

---

गॅसभरणी_मास्तर

मी रेफ्रिजरेशन शिकवतो. फ्रीजची गोष्ट सांगतो, कारण त्यात वरचे सगळे मुद्दे येतात.

ओझोनचा थर वाचवण्यासाठी १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला. फ्रीजमधले ओझोन खाणारे सीएफसी वायू जाणार हे ठरलं, पण मोठ्या रासायनिक कंपन्यांनी त्याऐवजी आणलेला वायू पृथ्वी तापवणारा होता. १९९२ मध्ये एकेकाळच्या पूर्व जर्मनीतल्या फोरॉन या बंद पडत आलेल्या कारखान्याने ग्रीनपीसच्या मदतीने प्रोपेन-ब्युटेनवर चालणारा फ्रीज केला. बड्या उत्पादकांनी आधी तो धोकादायक ठरवला. लोकांनी हजारोंनी आगाऊ मागणी नोंदवली, मग तेच उत्पादक वर्ष-दोन वर्षांत त्याकडे वळले. तंत्रज्ञान मुद्दाम पेटंटमुक्त ठेवलं होतं. वकीलसाहेबांच्या प्रश्नाला हे एक उत्तर आहे. चीनमध्ये ते १९९० च्या दशकातच पोचलं. भारतात जर्मन-स्विस मदतीने गोदरेजने ते घेतलं, आणि पुढे २०१२ मध्ये प्रोपेनवरचे एसीही काढले. कंपनीचा शिरवळचा कारखाना आपल्यापासून फार लांब नाही. अमेरिकेने घरगुती फ्रीजला हा वायू वापरायची परवानगी दिली ती डिसेंबर २०११ मध्ये! फोरॉन स्वतः १९९६ मध्येच बुडाली. मला त्या कामगारांबद्दल नेहमी वाईट वाटतं.

पुढे कराराखाली एक निधीही उभारला गेला, विकसनशील देशांना बदलाचा खर्च देण्यासाठी. त्यातला काही पैसा थेट मेकॅनिकांच्या प्रशिक्षणावर गेला. त्यात शिकलेली मुलं आज स्वतःची दुकानं चालवतात. गल्लीतल्या मेकॅनिकला नवा वायू कळला नाही, तर तो जुनाच भरतो किंवा ग्राहकाला सांगतो, 'हा फ्रीज घेऊ नका.' आणि ग्राहक त्याचंच ऐकतो.

---

डोटीतली_वाट

मास्तर, घरात ज्वलनशील वायू म्हटल्यावर भीती वाटते. खरंच सुरक्षित आहे का? दुरुस्तीला माणूस आला तर त्याला काय विचारावं?

---

गॅसभरणी_मास्तर

घरगुती फ्रीजमध्ये आयसोब्युटेन बहुधा पन्नास-साठ ग्रॅमच्या आसपास असतो, लहान फ्रीजमध्ये त्याहून कमी. आंतरराष्ट्रीय मानकात मर्यादा १५० ग्रॅमची आहे. वायू बंद नळ्यांमध्ये असतो, आणि स्वयंपाकघरात शेजारी १४.२ किलोचा सिलिंडर असतोच. धोका वापरताना नगण्य, दुरुस्ती करताना असतो. म्हणून फ्रीजच्या मागच्या पट्टीवर 'आर-६००ए', म्हणजे आयसोब्युटेन, लिहिलंय का ते आधी बघा. मेकॅनिकला विचारा की वजनकाटा आणलाय का, कारण हा वायू अंदाजाने भरायचा नसतो. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ शेगडी पेटवू नका. वायू पूर्ण काढायच्या आधी त्याने नळीला जोडकामाचा पेटता टॉर्च लावला तर काम तिथेच थांबवा. पुढच्या महिन्यात आमच्याकडे मेकॅनिकांसाठी यावरच दोन दिवसांचा वर्ग आहे. तुमच्या ओळखीचा कोणी फ्रीज-एसीवाला असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, तारीख कळवतो.